अप्पा, जरा ढिलं बसा

दहिवडीच्या एसटी स्टँडवर अप्पांनी माझ्या वळकटीला जी गाठ मारली, ती पुण्याच्या हॉस्टेलवर कुणाला सुटेना. खोलीतल्या सगळ्या पोरींनी नखं मोडून घेतली. शेवटी मेसमधल्या मावशी विळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बांधणारा फौजेत होता का गं?" होता. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले माझे वडील. वळकटीवर पाय देऊन, दात आवळून, सगळ्या स्टँडसमोर त्यांनी ती दोरी ओढली होती. "ढिलं बांधल्यालं वाटंत सुटतंय," म्हणाले. मग मान वर न करताच म्हणाले, "तू बी ढिलं पडू नगंस."

एवढंच. गाडी लागली, मी चढले. खिडकीतून बघितलं तर ते इस्त्रीच्या पँटीत, हात अंगाला लावून, परेडला उभं राहावं तसे उभे होते. गाडी वळेपर्यंत हलले नाहीत. आई स्टँडवर आलीच नव्हती. "मी आले तर रडंन, आन् चारचौघांत रडल्यालं बरं दिसत न्हाई," असं म्हणून ती सकाळीच खुरपं घेऊन बाजरीत गेली होती.

आमच्या भावकीतल्या पोरी तोवर शिकायला गेल्या त्या नर्सिंगला, नाहीतर मास्तरीण व्हायला. मी चित्रकला शिकायला निघाले म्हटल्यावर पारावर अप्पांना विचारणारे कमी नव्हते. "मेजर, म्हंजे पोरगी पाट्या रंगवणार व्हय?" आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, हुद्दा काहीही असो. अप्पा शांतपणे म्हणायचे, "व्हय. लय मोठ्या पाट्या."

मी गाव सोडलं ते असं. मग पुणं सुटलं आणि स्कॉलरशिपवर जर्मनीत लाइपझिशला गेले, ती तिथलीच झाले. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना आणि गावातच राहिलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं आहे. आज मी हे लिहितेय ते आमच्या ओसरीवर बसून. का बसलेय, ते शेवटी येईल.

मी माणसं रंगवते. डोंगर नाही, फुलं नाही, रंगांचे फराटे नाहीत. माणूस, आणि तोही समोर बसलेला. फोटोवरून मी काम करत नाही, आणि त्याचं मूळ दहिवडीत आहे. शाळेला असताना स्टँडजवळ एका पेंटरचं दुकान होतं. गेलेल्या माणसांची चित्रं करून द्यायचे ते. लोक रेशनकार्डावरचा, मतदानाच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो घेऊन यायचे, पेंटर त्यावर चौकटी आखायचे, कागदावर मोठ्या चौकटी आखायचे आणि एकेक घर भरत माणूस मोठा करायचे. हात चांगला होता त्यांचा. फक्त प्रत्येक माणसाला ते कोट घालायचे. मेंढरामागं जन्म गेलेला म्हातारा, अंगावर घोंगडं सोडून ज्यानं काही घेतलं नाही, तो भिंतीवर कोटात यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "घरच्यास्नी बरं वाटतं." मला मात्र वाईट वाटायचं. आमच्या माणसांकडं कुणी नीट बघायचं ते ती मेल्यावर, आणि तेव्हाही कपडे बदलून. तेव्हाच ठरवलं की आपण जित्या माणसाला बघायचं, जसा आहे तसा.

आता आमच्याकडं रीत अशी की एकट्या माणसाचं मोठं चित्र भिंतीला लागतं ते तो गेल्यावरच. लग्नातला जोडीचा फोटो चालतो, जत्रेतला घोळक्याचा चालतो. पण एकटा चेहरा, मोठा, चौकटीत, समोर बघणारा, म्हणजे त्याला हार आलाच. त्यामुळं मी लहानपणी आईला "बस की गं समोर" म्हटलं की ती पदर तोंडावर घ्यायची. "मला एवढ्यात घालवू नगंस," म्हणायची. अप्पा हसायचे आणि म्हणायचे, "मी बसतो. मला कोण नेतंय?"

लाइपझिशला माझा आटेलिए एका जुन्या सूतगिरणीत आहे. आटेलिए म्हणजे चित्रं करायची खोली. अप्पांची काळी ट्रंक तिथं आहे, पांढऱ्या अक्षरात त्यांचं नाव लिहिलेली. तिच्यात माझ्या रंगांच्या ट्यूबा असतात. तिथं बसायला माणसं मिळतात आणि ती बघू देतात. शेजारची हिल्डे नावाची म्हातारी येते, खुर्चीत बसते, कॉफी मागते आणि बसल्याबसल्या झोपून जाते. कपडे काढूनही माणसं बसतात, हे मी घरी कधी सविस्तर सांगितलं नाही. आईनं फोनवर एकदा विचारलंच, "बसत्यात त्ये कापडं घालून बसत्यात न्हवं?" मी म्हटलं, थंडी असते गं आई तिथं. तिनं पुढं विचारलं नाही.

माझं काम कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माणूस समोर येऊन बसला की पहिल्यांदा तो आपला चेहरा धरून ठेवतो. पाहुणे आल्यावर घर आवरतात तसा. मी काहीतरी रेघा मारत राहते, वेळ काढते. मग खांदे दमतात, मान जराशी कलते, हात मांडीवर पडून जातो, आणि तो माणूस आपण दिसतोय हे विसरतो. मला हवा असतो तो तेवढाच. त्याच्यासाठी आठवडे जातात. घाईत काम होत नाही, आणि बसणाऱ्यापासून लांब जाऊनही होत नाही.

अप्पा कधीच विसरले नाहीत. मी दरवर्षी थंडीत यायची. सकाळची उन्हं ओसरीवर आली की ते लोखंडी घडीची खुर्ची मांडायचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, तळवे गुडघ्यांवर, हनुवटी सरळ. पाठ खुर्चीला टेकायची नाही. माझा राग पहिल्यापासून नाकाच्या शेंड्यावर. तासभर बघायची आणि मग ओरडायची, "अप्पा, जरा ढिलं बसा."

"बसलोय की."

"हे ढिलं आहे?"

"ह्याच्यापेक्षा ढिलं म्हंजे गबाळं."

मी त्यांना बोलण्यात गुंतवून बघितलं. रेडिओ लावून बघितला. मेंढरं समोर आणून बांधली, म्हटलं, जनावरांकडं बघताना तरी चेहरा सैल पडेल. ते मेंढरांकडंही गार्ड ड्युटीवर असल्यासारखे बघत बसले. कातडीचा रंग मला जमला होता, आमच्या माळावरच्या मुरमासारखा, त्यात कानाच्या पाळीपाशी किंचित हिरवट. कपाळावरची टोपीची रेघ जमली होती. पण माणूस येत नव्हता. आठवडाभराचं काम मी सुरीनं खरवडून काढायची. अप्पा खुर्चीवरून विचारायचे, "पुसलंस?"

"हो."

"मग उद्या परत?"

"हो. काय करणार?"

"बरं," म्हणायचे, खुर्चीची घडी घालायचे आणि आत जाऊन आईला भजी करायला सांगायचे. मी कॅनव्हासशी डोकं आपटत बसलेली, आणि आतून यांची भाकरी मोडायची घाई ऐकू यायची. मला वाटायचं, सुटले एकदाचे आजच्यापुरते, म्हणून खूश आहेत.

अशा किती थंड्या गेल्या. मी यायची ती आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून, आणि चित्र होत नाही म्हणून तिकीट पुढं ढकलायची. एकदा दीड महिना राहिले. तिकडं गॅलरीवाले ईमेलवर ईमेल करत होते आणि इकडं मी चिडून अप्पांच्या कानाची पाळी पुन्हा रंगवत होते. आईच्या हातचं खाऊन अंगानं भरले होते. धना, माझा धाकटा भाऊ, म्हणायचा, "आक्का, तू परदेशातनं आलीस का परदेशाला अधनंमधनं जातीस?"

शेवटी एका वर्षी मी हात टेकले. म्हटलं, हा माणूस ताठ बसतो ना, मग ताठ बसलेलाच काढायचा. एकदा ते ठरल्यावर चित्र झरझर झालं. जवळजवळ माणसाएवढं, चौकटीत न मावणारे गुडघे, सरळ हनुवटी. मी ब्रश धुतला आणि बॅग काढली. अप्पा चित्रासमोर येऊन उभे राहिले.

"झालं?"

"झालं."

"आता पुसायचं न्हाई?"

"नाही अप्पा. झालं म्हणजे झालं."

ते मेंढरं बघायला गेले. मी समजले, आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी निघाले.

ते चित्र पुण्यात प्रदर्शनात लागलं. नावाजलं गेलं. एका समीक्षकबाईंनी विचारलं, "हा ताठपणा मुद्दाम ना?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. गंमत म्हणजे चित्रासमोर येणारा प्रत्येक माणूस नकळत आपली पाठ सरळ करायचा. मी कोपऱ्यातून बघत होते. प्रदर्शन संपलं आणि विकायला मन होईना. मला परत जायचं होतं, म्हणून चित्र टेम्पोनं गावी पाठवून दिलं. पत्ता दिला, वरून कागद गुंडाळला, घरी कळवायचं विसरून विमानात बसले.

पुढचं मला धनानं फोनवर सांगितलं.

टेम्पोवाला फाट्यावर पोचला आणि विचारलं, "मेजरांचं घर कुठलं?" फाट्यावरची माणसं म्हणाली, कुठलं मेजर? हितं दर घराआड मेजर हाय. पत्त्याचा कागद वाटेत कुठंतरी पडलेला, त्याला नाव नीट सांगता येईना. मग त्यानं डोकं चालवलं. कागद टराटरा फाडला, चित्र टेम्पोत उभं केलं आणि म्हणाला, "हे मेजर."

चौकटीत एकटा चेहरा. मोठा, समोर बघणारा. त्यात अप्पा सकाळीच गुडघ्याचं औषध आणायला साताऱ्याला मिलिटरी दवाखान्यात गेलेले, हे सगळ्या गावाला ठाऊक. सकाळी माणूस दवाखान्यात गेला आणि दुपारी त्याचा फोटो आला, याचा आमच्या गावात एकच अर्थ होतो. टेम्पो घरापाशी येईतो मागून माणसं चालत आली, टोप्या काढून. बायकांनी दारातच गळा काढला. आई अंगणात शेंगा वाळत घालत होती. चित्र तिच्या ओळखीचं, पण मागची टोप्या काढलेली माणसं बघून ती शेंगांतच खाली बसली. अप्पांना फोन लावावा तर तो बंद. बॅटरी वाचते म्हणून ते मोबाइल बंदच ठेवायचे. धना मोटारसायकल घेऊन साताऱ्याच्या वाटेला लागला. फलटणकडं दिलेली माझी आत्या निरोप मिळताच जीप करून आली, तिच्याबरोबर मोठा हार. तो तिनं रडत रडत चित्राला घातला.

दिवस कलताना शेवटच्या एसटीनं अप्पा आले. एका हातात औषधाची पिशवी, दुसऱ्यात कँटीनचा साबण आणि बिस्किटं. अंगणातली गर्दी बघून त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "कोण गेलं?"

धना हे सांगताना हसत होता आणि मी लाइपझिशमध्ये ट्रामस्टॉपवर उभी राहून इतकी हसत होते की लोक वळून बघत होते. मग तो म्हणाला, "आक्का, थोरल्या काकीनं आईची डाव्या हातातली काकणं फोडली गं, अप्पा यायच्या आदी." मग मला हसू येईना. त्यालाही येईना.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः आईला घेऊन दहिवडीला कासाराकडं गेले. आमच्याकडं पुरुष त्या दुकानाची पायरी चढत नाहीत. ते आत बायकांमध्ये बसले, आणि आईच्या हातात हिरवा चुडा भरून होईपर्यंत उठले नाहीत. आईनं चित्र माजघरात नेलं, बाजरीच्या पोत्यांमागं भिंतीकडं तोंड करून ठेवलं. मला फोनवर एवढंच म्हणाली, "आता ह्यांना बसवायचं न्हाई. कदीच."

मी मानलं. तिच्या हातातली काकणं फुटली होती, मी कुठल्या तोंडानं वाद घालणार? त्यानंतरही मी थंडीत येत राहिले. अप्पा सकाळी उन्हं आली की खुर्ची मांडायचे. "आज उजेड बरा हाय," म्हणायचे, कुणाला उद्देशून नाही. आतून आई भांडं आपटायची. जरा वेळ थांबून ते खुर्चीची घडी घालायचे. मला तर काम नसलं की हात शिवशिवतात. गावात नेटला धड रेंज नाही, लाइट कधीही जाते, तिकडं अर्धवट चित्रं वाट बघतायत. मी आठवडाभरात निघायची. स्टँडवर अप्पा विचारायचे, "एवढ्यात?" मी म्हणायची, काम आहे अप्पा. "बरं," म्हणायचे. भज्यांच्या वेळचं ते 'बरं' वेगळं होतं आणि हे वेगळं, ते मला आता ऐकू येतं.

मग मी येणंही एक वर्ष आड केलं. फोन होतेच. फोनवरून धनाला सांगायची, अप्पांना अमुक डॉक्टर दाखव, तमुक तपासणी कर. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. शेळ्या हाकणारे दुसरेच असतात.

गेल्या थंडीत अप्पा गेले. मी कामात होते, हिल्डे समोर झोपलेली. धनाचा फोन आला. त्यानं सांगितलं, सकाळी अप्पांनी ओसरीवर खुर्ची मांडली, उन्हात बसले. तो मेंढरं सोडून आला तर ते तसेच. "मान खांद्यावर आली हुती आक्का. हात खाली लोंबत हुता. त्या खुर्चीत एवढं ढिलं बसल्यालं मी त्येंना कवा बघितलं न्हवतं. म्हणून तर कळलं."

मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. आमच्यासारख्यांच्या नशिबी हे असतंच. आपल्या माणसाचं शेवटचं तोंड आपल्याला गावानं सांगितल्यावर कळतं. ज्यांना जवळचं कुणी असं सोडून गेलं आहे, त्यांना मी हे समजावून सांगायला नको. मी आयुष्यभर माणसाकडं नीट बघायचं म्हणून बघत आले, आणि मला ज्याला बघायचं होतं तो ढिला बसला तेव्हा मी सातासमुद्रापलीकडं एका परक्या म्हातारीचा हात रंगवत होते. त्याचं दुःख सरत नाही. सरेल असं कुणी सांगायलाही येऊ नये.

तेराव्याला फोटो हवा. धनानं दहिवडीतून करून आणला. जुना पेंटर केव्हाच गेला, आता तिथं कॉम्प्युटरवर करतात. अप्पांच्या पेन्शनच्या कार्डावरचा चेहरा मोठा केलेला, मागं धबधबा, आणि अंगात निळा कोट. धनाचा दोष नाही, त्या दुकानात सगळ्यांनाच कोट मिळतो. आईनं तो फोटो हातात घेतला, पदरानं पुसला, पुन्हा बघितला. "ह्यो कोण?" म्हणाली.

ती उठली आणि माजघरात गेली. बाजरीची पोती सरकवल्याचा आवाज आला. मी आणि धना आत गेलो तर ती एकटी ते माणसाएवढं चित्र ओढत होती. आम्ही हात लावला. ओसरीच्या भिंतीला ते टेकवलं, आणि इतक्या वर्षांनी अप्पा पुन्हा आमच्याकडं बघत बसले. सरळ हनुवटी, गुडघ्यांवर तळवे. आत्या हार घेऊन आली होती, पण ती पुढं होईना. "म्या न्हाई घालायची," म्हणाली, "म्या एकदा घातलाय." रडून तिचा आवाज बसला होता. आई तिच्याजवळ गेली. तिचे हात आता मोकळे होते. "आता घाल," म्हणाली.

माणसं पांगली, भावकी तेवढी दारात राहिली. मी भिंतीपाशी बसून चित्राकडं बघत होते. आई शेजारी येऊन बसली. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "एकदा तरी ढिलं बसायचं होतं गं त्यांनी. नीट चित्र झालं असतं."

आईनं चित्राच्या कडेची बाजरीची धूळ हातानं झटकली. मग म्हणाली, "त्येंना ढिलं बसता येत न्हवतं, असं वाटलं व्हय तुला? बाजंवर कसं पडायचं, कुठं धोतर, कुठं टोपी. बघितलं न्हाईस कदी?"

बघितलं होतं. रोज बघितलं होतं.

"मी म्हणायची त्येंना, बसा की तिच्या मनासारखं. पोरगी वैतागती, रंग खरवडती, बघवत न्हाई. तर म्हणायचं, गप बस. चित्र झालं की बॅग भरती ती. हुतंय तवर हाय." आई चित्राकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "आन् म्या त्या काकणांपायी मोडता घातला. न्हाईतर बसलं असतं बिचारं अजून. तू बी ऱ्हायली असतीस."

मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चार माणसांत रडू नये म्हणणारी माझी आई, दारात भावकी उभी असताना माझ्याबरोबर रडली.

त्यानंतर मी परतीची तयारी करू लागले. तिकीट काढलेलं होतं, आटेलिएचं भाडं चालू होतं, हिल्डे विचारत होती कधी येणार. एका सकाळी बॅग भरत होते, तर ओसरीवर खुर्ची उघडल्याचा लोखंडी आवाज आला. बॅग तशीच टाकली. बाहेर आले. आईनं खुर्ची मांडली होती, जिथं अप्पा मांडायचे तिथंच, आणि ती धुतलेलं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन उभी होती.

"माजा काड," म्हणाली.

"आई, तूच म्हणायचीस ना, जित्या माणसाचा..."

"जित्या माणसाचा लावू न्हाई. काडू न्हाई असं कोण म्हणलं? काडून ठिव. लावायचा तवा लाव."

ती खुर्चीत बसली. मग जरा वेळानं, पदर सारखा करत, अगदी साधं काही विचारावं तसं तिनं विचारलं, "किती दिस लागत्यात?"

"महिना तरी. तुझ्यावर आहे."

"मग हळू काड," ती म्हणाली.

तिकीट मी पुढं ढकललं, आणि नंतर आणखी एकदा ढकललं. धनानं दहिवडीहून लाकडी फळ्या आणल्या, कॅनव्हास ताणला. तो आता कधी जातीस असं विचारत नाही, मीही सांगत नाही. घर म्हणजे काय, असं तिकडं मला कुणी विचारलं की मी भिंती, माती, बाजरीची भाकरी असं काहीबाही सांगायची. आता सांगेन की जिथं आपलं कुणी मुद्दाम काम अडवून धरतं, ते. अप्पांनी ते इतकी वर्षं धरलं आणि मला ते चित्राचं अपयश वाटत राहिलं.

रोज सकाळी उन्हं ओसरीवर आली की आई येऊन बसते. पाठ खुर्चीला टेकत नाही, तळवे गुडघ्यांवर, हनुवटी सरळ. मागच्या भिंतीवर अप्पा, तसेच. आई इतकी ताठ बसते की पाठ भरून येत असणार. मी रंग लावते, खरवडते, पुन्हा लावते. तिला ढिलं बस असं मी एकदाही म्हटलेलं नाही.